प्रत्येकाने आपापला उतारा आणावा

हसायचं तर हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या नणंदबाईंनी अर्धा कप सोफ्यावर सांडला, आणि सोफा घरमालकांचा आहे. घरमालक या किश्शात येणारच आहेत, म्हणून आत्तापासून सावध केलेलं बरं.

तर मी. मराठी घेऊन एम.ए. झालेली, एका मुलीची आई, आणि धंदा म्हणाल तर काळजी करणे. पूर्णवेळ, बिनसुट्टीचा. आमचा निखिल म्हणतो, हिला काळजी करण्यासारखं काही सापडलं नाही की हिला काळजी वाटायला लागते. तो स्वतः बेलापूरला एका सरकारी ऑफिसात लोकांची प्रवासाची बिलं तपासतो. हे लक्षात ठेवा. पुढे यावरूनही माझं नाक कापलं जाणार आहे.

आम्ही राहतो तळवलीत, हिराकाकांच्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. तळमजल्यावर ते, त्यांची बायको, त्यांची आई, म्हणजे मोठी आजी, मुलगा, सून आणि नात कृपा. वरचे मजले आमच्यासारख्या भाडेकरूंचे. करार अकरा महिन्यांचा. आणि तो संपत आला होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, दुसरं घर बघा. अहो, याआधी दोनदा बघितलं. दोन्ही वेळा ओवीची शाळा बदलली आणि दोन्ही वेळा ती पोर गेटपाशी माझ्या ओढणीला लटकून रडली. इथे शाळा गल्ली ओलांडली की समोर, आणि कृपासारखी मैत्रीण जिना उतरला की हजर. आयुष्यात पहिल्यांदा ओवी सकाळी न रडता जायला लागली होती. मला हे घर हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, मी त्यासाठी संकष्टी धरली होती.

हिराकाकांना कराराचं विचारलं की ते मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, "बगू." बस, एवढंच. जो कधी भाड्याने राहिलाय त्यालाच या शब्दाचं वजन माहीत. मी त्या 'बगू'चे स्वर तपासायची. काल जरा लांब होता का? आज 'गू' आखूड झाला का? निखिल म्हणायचा, "व्याकरण सोड, झोप."

अशात ओवीच्या शाळेत पालकसभा झाली. बाईंनी तिची निबंधाची वही माझ्यासमोर उघडली आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. विषय होता 'माझा आवडता पक्षी'. मजकूर जसाच्या तसा सांगते:

"माझा आवडता पक्षी फ्लेमिंगो आहे. तो खाडीत येतो. तो एका पायावर उभा राहतो. माझ्या आजोबांचा एक पाय दुखतो. आजोबा साताऱ्याला असतात. साताऱ्याला कंदी पेढे मिळतात. पेढे खाऊन दात किडतात. असा आहे माझा आवडता पक्षी."

खाली लाल शाईत शेरा: विषयाला धरून लिहावे.

एम.ए. मराठी आईच्या काळजात ती लाल शाई कुठवर गेली असेल, विचार करा. मी त्याच संध्याकाळी ठरवलं, शनिवारी दुपारी ओवीला निबंध शिकवायचा. पद्धतशीर. ओवी म्हणाली, कृपा असेल तरच. कृपा आली. कृपा आली म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतवहिनींचा तन्मय आला. तन्मय आला म्हणून आणखी दोघं-तिघं आली. बघता बघता आमच्या हॉलमध्ये शाळा भरली आणि सगळी बिल्डिंग मला 'टीचर' म्हणायला लागली. हिराकाकासुद्धा. मी मनात म्हटलं, देवा, आता कराराचं नक्की जमतंय.

शिकवायला मी बरी आहे हो. खोटं नाही. पहिल्याच शनिवारी मी स्वयंपाकघरातून तीन खणांचा डबा आणला.

"यात काय काय भरतो आपण?"

"पोळी. भाजी. लोणचं."

"सगळं एकाच खणात भरलं तर?"

"चिवडा होतो," तन्मय म्हणाला.

"लोनच्याचा तेल पोलीला लागतं," कृपा म्हणाली.

"मग निबंधाचंही तसंच. एका खणात एकच गोष्ट. फ्लेमिंगोच्या खणात आजोबांचा गुडघा येणार नाही."

ओवीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातलं गुपित मी चारचौघांत फोडलं. पण मुद्दा मुलांना पटला. मग दुसरा धडा: खणातलं पहिलं वाक्य म्हणजे दारावरची पाटी. पाटी वाचली की आत कोण राहतं ते कळलं पाहिजे. यावर कृपा म्हणाली, "आमच्या दारावर आजोबांच्या नावाच्या खाली 'कुत्र्यापासून सावध' हाय. पन कुत्रा मेला." मी म्हटलं, अशी पाटी लिहायची नाही. जे आत नाही ते पाटीवर नको. बघा, काय नेमकं शिकवत होते मी.

घोटाळा झाला तो शब्दात.

या खणाला मराठीत म्हणतात परिच्छेद. मी फळ्यावर लिहिलं. तन्मयने वाचलं, "परिषद." दुसऱ्याने वाचलं, "परीछेडा." कृपाने हात वर करून विचारलं, "टीचर, परीला छेद कोन देतं?" आणि ओवी, जिच्या उशीवर अजून परीचं चित्र आहे, ती भोकाड पसरून रडायला लागली.

म्हटलं, जाऊ दे. मुलांना कशाला एवढा जड शब्द? चांगला सोपा, घरगुती, सगळ्यांच्या तोंडातला शब्द आहे की. उतारा. लहानपणापासून परीक्षेत वाचत आलो आपण, 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा'. फळ्यावरचं परिच्छेद पुसलं आणि लिहिलं: उतारा.

माझ्या या सुधारणेवर मी इतकी खूश झाले की निखिलला भजी करून घातली.

पुढच्या शनिवारसाठी विषय दिला 'आमचं घर'. मुलांना म्हटलं, मनाने काहीतरी ठोकून देऊ नका, घरच्यांना विचारा. घर कधी बांधलं? आधी इथे काय होतं? जागा कुणाची होती? माहिती असली की लिखाण भक्कम होतं. आणि पालकांनाही कळावं म्हणून मी ग्रुपवर मेसेज टाकला. ग्रुपचं नाव 'शनिवार'. मेसेज मी दोनदा वाचून पाठवला, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक माझ्या हातून जायला नको:

"शनिवारी प्रत्येकाने आपापल्या घराचा उतारा आणावा. मूळ प्रतच हवी, नक्कल चालणार नाही. खाडाखोड नको. जागा आधी कुणाची होती हे त्यात स्पष्ट यावे. मी स्वतः तपासून चुका दाखवीन."

एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. हे आजही अभिमानाने सांगते.

तुमच्यापैकी जे गावाकडे शेत सांभाळून आहेत ते एव्हाना गालात हसायला लागले असतील. मला मात्र तेव्हा काही म्हणजे काही दिसलं नाही. एरवी माझ्या साध्या 'सुप्रभात'वरही दहा फुलं येतात. या मेसेजवर सगळ्यांच्या निळ्या खुणा आल्या आणि ग्रुप चिडीचूप.

दुसऱ्या दिवशी सावंतवहिनींचा फोन. या कुडाळकडच्या, आवाज नेहमी खणखणीत. त्या दिवशी एकदम खालच्या पट्टीत.

"मॅडम, तां उताऱ्याचा... आमचो उतारो गावाक आसा."

मला वाटलं तन्मयची वही गावी राहिली. "अहो मग नवीन करायचा. त्यात काय."

"नवीन? तसो होता?"

"न व्हायला काय झालं? घरी बसून अर्ध्या तासात होतो."

त्या आणखी हळू म्हणाल्या, "पण आमचो सामायिक आसा. ह्येंचे चुलतभाव आसत त्येच्यात."

मला वाटलं चुलतभावंडांनी मिळून लिहिलाय. "सामायिक अजिबात नको, वहिनी. प्रत्येकाचा वेगळा हवा. एकात सगळ्यांना कोंबलं की गोंधळ होतो, कुणाचं काय ते कळत नाही."

"मॅडम," वहिनींचा आवाज भरून आला, "ह्याच मी ह्येंका लग्न झाल्यापासून सांगतंय."

मी फोन ठेवला आणि निखिलला म्हटलं, "बघ, पालकांनाही लेखनाची किती तळमळ आहे." निखिल पेपरातून मान वर न करता "हूं" म्हणाला. त्याने तेव्हा नीट ऐकलं असतं तर माझी अब्रू वाचली असती. पण नवरे नको ते नेमकं ऐकतात आणि हवं ते 'हूं'मध्ये घालवतात.

त्याच दिवशी जिन्यात हिराकाका भेटले. एरवी "काय टीचर, जेवलाव का?" म्हणणारे. त्या दिवशी थांबले, आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "टीचर, उतारा कला पायजे तुमाला?"

आता आगरी बोलीत 'कला' म्हणजे कशाला. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी, मराठीची एम.ए., प्रसन्न हसून म्हणाले, "कला नाही हो काका, लेखन. नीट लिहिला की कला त्यात आपोआप येते."

काकांनी विषय बदलला. "निखिलराव बेलापूरला कनच्या खात्यात हायेत?"

"लेखा. तपासणीचं काम असतं."

"तपासनीचा."

"हो ना. घरात दोघंही तपासणारीच. ते बिलं तपासतात, मी उतारे."

काकांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "आनि हे कोन इचारनार हाय पुढं?"

"बोर्ड," मी म्हटलं. "आत्ता लहान वाटतं, पण पुढे वरून प्रश्न येतात. उताऱ्यावरच येतात. तेव्हा उत्तरं देता आली पाहिजेत, नाही तर सगळं हातचं जातं. पाया आत्ताच पक्का नको का?"

"पाया पक्काच हाय," काका एकदम ताठ होऊन म्हणाले. "आरसीसी हाय."

मला वाटलं, काय विनोदी माणूस. मी मोठ्याने हसले. ते हसले नाहीत.

त्या संध्याकाळपासून खालचं वारं बदललं. कृपाची आई सुकटीची चटणी केली की एक वाटी वर धाडायची, ती यायची थांबली. काकांची गाठ पडली की काका फोन कानाला लावायचे, फोन उलटा असला तरी. निखिलला म्हटलं, "ते करार वाढवणार नाहीत. त्यांना वाटतंय मी मुलांवर जास्त दडपण आणते. नक्की. मेसेजची भाषाच कडक झाली माझी."

"मग मऊ कर," निखिल म्हणाला.

केली. तीच तर माझी खासियत. चूक झाली की मी तिथे थांबत नाही, तिच्यावर एक मजला चढवते. मी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला:

"ज्यांच्याकडे उतारा तयार नाही त्यांनी अजिबात घाबरू नये. घरी बसून, जमेल तसा बनवून आणा. तारखा, नावे आठवत नसतील तर अंदाजे टाका. पहिल्यांदा चुका होतातच. मी बसून नीट करून देईन. ही गोष्ट आपल्यातच राहील."

ते शेवटचं वाक्य मुलांना लाज वाटू नये म्हणून होतं. देवाशपथ.

पाच मिनिटांत ग्रुपवर 'एकाने ग्रुप सोडला' असं आलं. तिसऱ्या मजल्यावरचे. ते पोलिसात आहेत.

इकडे तळमजल्यावर आणखी एक गोष्ट शिजत होती. कृपाने घरी जाऊन पणजीला, म्हणजे मोठ्या आजीला, साध्या शब्दांत सांगितलं होतं, "टीचरला उतारा पायजे." मोठ्या आजीने पणतीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली म्हणे, "बरं झालं. सोताच मागला." आणि ती कामाला लागली.

शनिवार उजाडला. दुपारी मुलं आली, वह्या घेऊन बसली. मी लाल पेन कानावर अडकवलं. तेवढ्यात दारात हिराकाका. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चेन, कपाळाला टिळा, आणि काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ही जाड फाइल. माणूस कोर्टात निघाला की जसा निघतो तसे.

"घ्या टीचर. मूल प्रत मागलाव ना? ही मूल प्रत." त्यांनी एकेक कागद माझ्या टेबलावर मांडायला सुरुवात केली. "ह्यो माज्या आजाच्या नावाचा. ह्यो बापाच्या. शहरासाठी सरकारनी जमीन घेतली तवाचा ह्यो. बदल्यात प्लॉट भेटला त्याचे हे कागद. एक खाडाखोड दाखवा. लाल पेन हाय ना? दाखवा."

मी पहिला कागद उचलला. वर छापलं होतं 'गाव नमुना सात'. त्याखाली 'गाव नमुना बारा'.

सातबारा. सातबाऱ्याचा उतारा.

मला आठवतं, माझा हात कागदासकट हवेत राहिला आणि गेल्या आठवड्यातलं माझं एकेक वाक्य डोक्यात ओळीने उभं राहिलं. मूळ प्रत. नक्कल चालणार नाही. जागा आधी कुणाची होती. वरून प्रश्न येतील. आणि मग दुसरा मेसेज. नावे अंदाजे टाका. मी बसून नीट करून देईन. ही गोष्ट आपल्यातच राहील. बाई गं.

मी काही बोलणार इतक्यात मागून आवाज आला, "सरक रं हिरा. वाटंत उभा काय ऱ्हायलास? टीचरचा उतारा मी आनलाय."

मोठी आजी. हातात सूप. सुपात नारळ, लिंबू, मिठाचे खडे, लाल मिरच्या, मूठभर तांदूळ आणि काळ्या कापडाची एक छोटी बाहुली.

"आये, तू कनचा उतारा आनलास?"

"जो मागला तो. नजरंचा. बस गो बाय, दाराकडं तोंड कर."

"आजी, थांबा, मी तो..."

"गप. मना म्हाईत नाय का? मी बगते ना रोज. पोरगी साळंच्या गेटात जाईपर्यंत गॅलरीत उभी. मग आत जाते. मग गॅस बंद हाय का बगाला परत जाते. मग कुलूप लागलाय का बगाला परत येते. ही नजर नाय तं काय हाय? बरी सुकलीस बग."

सगळी मुलं, म्हणजे माझे विद्यार्थी, अत्यंत मन लावून ऐकत होती. इतकं मन त्यांनी माझ्या एकाही धड्याला लावलं नव्हतं.

अशात सावंतवहिनी धापा टाकत वर आल्या. हातात मोबाइल. "मॅडम, चुलतभावान फोटो धाडल्यान एकदाचो. पण मोठो केलो की फाटता. सतरा नावां आसत. तुमी खयंचा खोडतलात ता सांगा."

मी खुर्चीवर बसले. म्हणजे मोठ्या आजीने बसवलं आणि मी उठले नाही. एका बाजूला सातबारा, एका बाजूला सूप, समोर सतरा वारसदार.

"मला हा उतारा नको होता," मी म्हटलं. "हाही नाही. तोही नाही. मला... निबंधातला. मुलांनी वहीत लिहायचा. पाच-सहा वाक्यांचा. परिच्छेद हो, परिच्छेद."

कृपा आजोबांना समजावत म्हणाली, "परीला छेद देतात ना, आजोबा, तो."

हिराकाकांनी फाइलीवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं. सुपाकडे बघितलं. वहिनींच्या मोबाइलकडे बघितलं. "म्हंजे बेलापूरहून कोनी मागला नाय?"

"नाही."

"निखिलराव..."

"टॅक्सीची बिलं तपासतात हो काका. कोण कुठे गेलं आणि खरंच गेलं का, एवढंच."

काका एकदम खाली सतरंजीवर बसले, मुलांच्या रांगेतच. "टीचर, तुमाला म्हाईत नाय," ते म्हणाले, "आमच्या गावात उतारा बोलला ना, का मानूस आदी औषदाची गोली घेतो. बाप गेला बेलापूरच्या हापिसांच्या पायऱ्या चडून. मी चडलो. शेत गेला, कागद ऱ्हायले. चार रात्री झोपलो नाय मी. बायको बोलली, भाडेकरू बदल."

बघा. माझी भीती खरीच होती. फक्त कारण चुकलं होतं.

मला रडू येणार होतं, पण मुलांसमोर रडायचं कसं? मी म्हटलं, "काका, आता आलाच आहात तर मी काय मागितलं होतं ते तरी ऐका. कृपा, वाच."

कृपा उभी राहिली. वही छातीशी धरली आणि वाचायला लागली.

"आमचं घर म्हणजे उभं शेत आहे. पहिले इथे आडवं शेत होतं. त्यात भात पिकायचा. शेत गेलं तेव्हा मोठी आजी जेवली नाही. मग आजोबांनी इथे घर बांधलं. आता एका मजल्यावर एक पीक येतं. दुसऱ्यावर तन्मय पिकला. चौथ्यावर ओवी पिकली. मोठी आजी म्हणते शेत रिकामं ठेवायचं नसतं."

संपलं. बसली.

तुम्हाला सांगते, मी आजवर पुष्कळ वाचलंय. पण असं पहिलं वाक्य मला जमलं नसतं. पाटी वाचली आणि आत कोण राहतं ते कळलं. एका खणात एकच गोष्ट. लोणच्याचं तेल कुठेही लागलेलं नाही.

काका कागद एकेक उचलून पिशवीत भरत राहिले, फार हळू. मोठी आजी दाराला टेकून पणतीकडे बघत होती. मग काकांनी घसा साफ केला.

"चौथा मजला," ते म्हणाले. "करार सोमवारी करू."

'बगू' नाही. 'करू'. मी तो 'रू' अजून कानात जपून ठेवलाय.

मोठी आजी मात्र नाराज. "मंग ह्यो उतारा?"

"आये, तो नाय लागत. ने खाली."

"नेते," आजी सूप उचलत म्हणाली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "पन नारल राखून ठेवते माज्याकडं. हिला लागंल कवातरी."

इथे किस्सा संपायला हवा होता. चांगल्या निबंधाचा शेवट असाच करायचा असतो, हे मी मुलांना स्वतः शिकवते. पण मी आहे ना.

सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघं तळमजल्यावर गेलो. चहा, बिस्किटं, आणि सुकटीची चटणीसुद्धा डब्यात भरून तयार. काकांनी स्टॅम्प पेपरवर करार टाइप करून आणला होता. त्यांची सही झालेली. साक्षीदारांच्या सह्या झालेल्या. निखिलनेही केली. राहिली फक्त माझी.

"वाचा टीचर, एक अट नवीन टाकलीय," काका मिशीत हसत म्हणाले.

वाचली. "भाडेकरू यांनी इमारतीतील मुलांना दर शनिवारी निंबध शिकवावा, मात्र कोणाकडेही कोणत्याही प्रकारचा उतारा मागू नये."

निखिल हसला, कृपाची आई हसली, मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसता हसता पर्समधून पेन काढलं. आणि सही करायला म्हणून जो हात कागदावर गेला, तो आपला आपण अर्धा इंच वर सरकला. 'निंबध'वर छान गोल केला. त्यातला 'निं'वरचा अनुस्वार खोडला. 'ब'वर दिला. आणि समासात लिहिलं: शब्द पुन्हा पाच वेळा लिहा.

लाल पेन होतं.

निखिलने डोळे मिटून घेतले. काकांनी कागद उचलला, दिव्याखाली धरला, तो लाल गोल बराच वेळ निरखला.

"टीचर," ते म्हणाले, "मूल प्रत. खाडाखोड नको. तुमीच लिवलेलं."

मग त्यांनी कागद खाली ठेवला, मान वळवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली:

"आये, तो नारल आन गो. टीचरला उताऱ्याची खरंच गरज हाय."